न वाजवताच फेकलेला दगड

नव्या करारात एक ग्रीक क्रियापद आहे : अपोदोकिमाझो. बांधणाऱ्यांनी फेकलेला दगडच कोनशिला होतो, त्या वचनातलं. मराठी बायबल त्याला ‘नापसंत करणे’ म्हणतं. शब्द सोपा झाला, धार गेली. दोस्तांनो, आपल्याला ती धार पाहिजे.

‘अपो’ म्हणजे दूर. आपल्या अपमानातला ‘अप’ याच घराण्यातला. ‘दोकिमाझो’ म्हणजे पारखणे, नाणं वाजवून घेतात तसं. अथेन्समध्ये अधिकारपदासाठी निवडलेल्या माणसाची आधी ‘दोकिमासिया’ व्हायची, तपासणी. त्यात नापास झाला त्याच्यासाठी हेच क्रियापद. आधी पारख, मग नकार. गोदीत माल परत करायचा तरी खोकं फोडतात, नमुना काढतात. मुक्या मालाला एवढा तरी न्याय.

आता रहिमतपूरच्या रुळांवर या. १९०१ साली साताऱ्याहून सुटलेली आगगाडी रहिमतपूर मागं टाकून मसूरला थांबली. लहानगा भीमराव भावाभाच्यांबरोबर उतरला. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय : अंगावर चांगले कपडे, स्टेशनमास्तरला वाटलं बामणाची पोरं. विचारपूस झाली. पोरांनी जात सांगितली आणि मास्तर मागं सरकला. पारखीत पास झालेली पोरं एका शब्दानं बाद!

ग्रीक क्रियापदात हे बसत नाही. त्यासाठी आपल्या गावचं क्रियापद आहे : विटाळणे. त्याला पारख लागतच नाही. आणि व्याकरणाची हरामखोरी बघा. ‘तो विटाळला’ म्हटलं की कर्ता होतो मागं सरकणारा. दुखणंसुद्धा त्याचंच. ज्याला झिडकारलं तो वाक्यातच नाही.

ग्रीक वाक्य असं पळत नाही. मार्कच्या बाराव्या अध्यायात क्रियापद कर्तरी आहे, भूतकाळी, अनेकवचनी : फेकलं ते बांधणाऱ्यांनी. लूकच्या नवव्यात ते कर्मणी होतं, तरी नाकारणारे नावानिशी हजर : वडील, मुख्य याजक, शास्त्री. होय, मराठी बायबलात शब्द ‘शास्त्री’च आहे.

आणि आपण काय लिहितो? ‘पाणी नाकारण्यात आले.’ ‘प्रवेश नाकारला गेला.’ अरे, कुणी? कर्ता कुठं गेला? बातमीत नाही, पंचनाम्यात नाही, मग कोर्टात कुठून येणार?

पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच क्रियापद पूर्णकाळात येतं : घाव होऊन गेला, वळ अजून आहे. पुढच्याच ओळीत दगड अनेक होतात, जिवंत होतात.

तर जिवंत दगडांनो, कविता लिहा, पत्रक लिहा, फिर्याद लिहा. पण प्रत्येक वाक्यात कर्ता लिहा. ठळक.