प्लोटिनाची सही आणि बांकाबाईंचा अर्ज

राजा जाऊन वर्ष उलटतं न उलटतं, तोच नागपूरच्या भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल लिलावात उभे राहिले. जनावरं मिळेल त्या भावाला गेली. जडजवाहिराच्या याद्या झाल्या आणि ते कलकत्त्याच्या बाजारात विकायला रवाना झालं. वाड्यात राण्या होत्या, वृद्ध बांकाबाई होत्या. दुसऱ्या रघुजींची ही विधवा. तिने आपल्या हयातीत सीताबर्डीची लढाई पाहिली होती, सावत्र मुलाचा खून पाहिला होता, आणि आता घरातलं सामान मोजून नेणारे कारकून पाहत होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याला.

तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता. नात्यातल्या यशवंतराव अहेरराव या मुलाने उत्तरक्रिया केली, वाड्याने त्याला मांडीवर घेऊन जानोजी हे नाव दिलं. 28 जानेवारी 1854 च्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीने निकाल देऊन टाकला. राजाने स्वतः दत्तक घेतलेला नाही, विधवेने घेतलेला आम्हाला बंधनकारक नाही, शिवाय हे राज्य 1818 साली आम्हीच बहाल केलेलं आहे, तेव्हा ते आमच्याकडे परत येतं. सुमारे 40 लाख रुपये महसुलाचं राज्य अशा रीतीने खालसा झालं. त्याच टिपणात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचाही विचार आहे, इंग्लंडच्या गिरण्यांना तो हवा होता.

शाळेत आम्ही हे एका ओळीत शिकलो: ‘दत्तक वारस नामंजूर करून नागपूर खालसा केले.’ ओळ खरी आहे, पण तिने जखम कळत नाही. मला ती कळली रोमचा इतिहास वाचताना.

इसवी सन 117 च्या ऑगस्टमध्ये सम्राट ट्रेजन आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेलिनस या गावी वारला. त्यालाही मूल नव्हतं. सीरियात सैन्य घेऊन बसलेल्या हेड्रियनला त्याने दत्तक घेतल्याचं जाहीर झालं, पण हयातीत सर्वांसमक्ष असा विधी झालाच नव्हता. इतिहासकार डिओ कॅशियस लिहितो की ट्रेजनचा मृत्यू काही दिवस लपवून ठेवला गेला, आणि सीनेटला गेलेल्या पत्रांवर सही होती ती त्याची राणी प्लोटिना हिची. म्हणजे दत्तकाचा आधार काय, तर विधवेची सही. सीनेटने मान तुकवली, फौजांनी मान तुकवली. हेड्रियनने 21 वर्षं राज्य केलं. इंग्लंडच्या उत्तरेला त्याच्या नावाची दगडी भिंत अजून उभी आहे. तिचं काम सुरू झालं 122 साली.

ती भिंत ज्यांच्या देशात आहे, त्यांनीच नागपुरात विधवेचा दत्तक फेटाळला.

रोमचा तो काळ दत्तकांचाच होता. नर्व्हाने ट्रेजनला घेतलं, हेड्रियनने अँटोनायनसला, अँटोनायनसने मार्कस ऑरेलियसला. पोटचा मुलगा गादीवर आला तो 180 साली, मार्कसचा कोमोडस, आणि तिथून घडी विस्कटली. त्याच्याही आधी पहिला सम्राट ऑगस्टस मुळात कोण होता? ज्युलियस सीझरच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. सीझरच्या खुनानंतर मृत्युपत्र उघडलं तेव्हा त्यात दत्तक म्हणून त्याचं नाव निघालं. डलहौसीचा नियम लावला असता तर रोमचं साम्राज्य पहिल्याच पानावर खालसा करावं लागलं असतं.

डलहौसी हॅरोला शिकला, मग ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये. त्या काळी तिथल्या शिक्षणाचा कणाच लॅटिन आणि ग्रीक. तेव्हा ‘हिंदूंची दत्तकाची चाल साहेबाला समजली नाही’ ही सबब मला पटत नाही. आणि रोम बाजूला ठेवला, तरी नागपूरचाच दाखला त्यांच्या दप्तरात होता. खुद्द तिसरे रघुजी गादीवर आले ते दत्तकानेच! 1817 च्या फेब्रुवारीत बांकाबाईंचे सावत्र पुत्र राजे परसोजी यांचा खून झाला. पुढे सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीने परसोजींच्या जागी आलेल्या अप्पासाहेबांना गादीवरून उतरवलं, आणि 1818 साली परसोजींच्या विधवेने, दुर्गाबाईंनी, दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा मांडीवर घेतला. तोच हा राजा. ते दत्तविधान रेसिडेंट जेन्किन्सच्या संमतीने झालं. विधवेचा अधिकार 1818 मध्ये चालला, 1854 मध्ये चालला नाही. मधल्या 36 वर्षांत धर्मशास्त्र बदललं नव्हतं. पहिल्या वेळी कंपनीला गादीवर लहान मूल हवं होतं, दुसऱ्या वेळी गादीच नको होती.

रोममध्ये दत्तकामागे सैन्य उभं असे, हे मान्य केलंच पाहिजे. प्लोटिनाची सही चालली, कारण हेड्रियनच्या हाताशी सीरियातली फौज होती. नागपूरकडे काय होतं? 1816 च्या तहाने कंपनीची तैनाती फौज आली, 1821 मध्ये कामठीला छावणी पडली. ज्या दिवशी राज्याचं रक्षण दुसऱ्याच्या छावणीवर सोपवलं, त्याच दिवशी वारस ठरवण्याचा हक्कही त्या छावणीत गेला. 1854 मध्ये फक्त तो वापरला गेला. रोमचा राजकीय आणि लष्करी इतिहास आपण लढायांच्या सनावळीसारखा वाचतो. तो मांडलिकांच्या बाजूने वाचला तर विदर्भाचा इतिहास उलगडू लागतो.

असाच एक मांडलिक राजा ब्रिटनमध्ये होता. आइसेनी या टोळीचा प्रासुटॅगस. इसवी सन 60 च्या सुमारास तो वारला. मुलगा नाही, दोन मुली. मुलींचं काही तरी राहावं म्हणून त्याने मृत्युपत्रात सम्राट नीरोलाही सहवारस केलं होतं. रोमन अधिकाऱ्यांनी मृत्युपत्र बाजूला सारलं आणि मुलूख घशात घातला. टॅसिटस हा रोमनच, पण त्याने काही लपवलं नाही: राज्य सेनाधिकाऱ्यांनी लुटलं, राजाचं घर गुलामांनी लुटलं, जणू युद्धात जिंकलेला माल. राणी बोडिकाला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. मग ती उठली. तीन शहरं जळाली, त्यांत लंडन एक. शेवटी तिची फौज कापली गेली.

हा प्रसंग वाचला की मला भोसल्यांचा वाडा दिसतो. इथे कोणी राण्यांच्या अंगाला हात लावला नाही, दोन्ही अत्याचार एकाच मापाचे नाहीत. पण वारस नाही म्हणून राज्य घ्यायचं आणि मग घरात शिरून जिंदगीची मोजदाद करायची, ही कामाची रीत तीच. झाशीचे गंगाधरराव आपल्या रघुजींच्या आधी तीनच आठवडे, 21 नोव्हेंबर 1853 ला गेले. तिथल्या राणीचं पुढे काय झालं ते प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. बांकाबाईंनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी अर्ज केले, दाद मागितली. जून 1857 मध्ये टाकळीच्या घोडदळाचा उठाव फसला, काहींना फाशी झाली, तेव्हाही त्या उठावापासून दूरच राहिल्या. त्यांना यासाठी बोल लावणारे आहेत. मी लावणार नाही. फौज नाही, खजिना नाही, कामठीची छावणी उशाशी, अशा म्हातारीने घरातलं पोर जिवंत ठेवलं. जानोजींना पुढे ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला तो साताऱ्याकडच्या देऊर गावाच्या नावाने. नागपूरच्या गादीच्या वारसाला नागपूरचं नाव लावायची मुभा नव्हती!

लंडनला वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाला, पार्लमेंटच्या समोर, बोडिकाचा पुतळा आहे. उधळलेले दोन घोडे, चाकांना पाती लावलेला रथ, हात उंचावलेली राणी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुली. शिल्पकार टॉमस थॉर्निक्रॉफ्टने त्याचं काम 1856 मध्ये हाती घेतलं. नागपूर खालसा होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पुतळा उभा राहिला 1902 मध्ये. चौथऱ्यावर कूपर कवीच्या ओळी कोरल्या आहेत. सीझरला ठाऊक नव्हते अशा मुलखांवर तिचे वंशज सत्ता गाजवतील, असा त्यांचा भाव. त्या मुलखांत नागपूर होतं.

डलहौसीच्या कौन्सिलातला एक इंग्रज, कर्नल जॉन लो, याने मात्र नागपूर घेण्याविरुद्ध लेखी मत दिलं होतं, आणि रेसिडेंट मॅन्सेलनेही घराण्याच्या बाजूने लिहिलं होतं. म्हणजे अन्याय होतो आहे हे सांगणारा आवाज त्याच टेबलावर होता. आमच्या शहरातल्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. लोचं ते टिपण आणि टॅसिटसचं बोडिकाचं प्रकरण यांचा मराठी तर्जुमा एका तासात, शेजारी शेजारी ठेवून, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. शक्य असेल तर तो तास वर्गात नको, महालात घ्या, भोसल्यांच्या वाड्यासमोर.