बॅनरवर नसलेले पदवीधर

जून लागला की नवी मुंबईतल्या घणसोली नाक्यावर बॅनरची दाटी होते. दहावीला ९२ टक्के, बारावीला ८८ टक्के, अमुक कोचिंगचा तारा, तमुक आळीची शान. मुलाचा फोटो एका कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे फोटो उरलेल्या साऱ्या जागेत, हा तर आता रिवाजच झाला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पोरं अभ्यास करतात, त्यांचं कौतुक झालंच पाहिजे.

पण याच गावठाणात, देवळामागच्या एखाद्या आळीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी बी. ए. झालेली बाईही असते. तिचा बॅनर लागत नाही. गुणपत्रिका घरी येते, नवरा ती उलटसुलट करून बघतो, मुलगी मोबाइलवर तिचा फोटो काढते आणि मग तो कागद कपाटात सिडकोच्या साडेबारा टक्के भूखंडाच्या फायलीखाली जाऊन बसतो. घणसोलीसारख्या गावात शिक्षणाने काय बदललं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने नाक्यावरचे बॅनर नव्हे, हे कपाट उघडून पाहावं.

ही बाई ज्या विद्यापीठातून पदवी घेते त्याचं मुख्यालय इथून दूर नाशिकला, गोवर्धन शिवारात आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. स्थापना १ जुलै १९८९. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांनी आधीच भूषवलं होतं. मनात आणलं असतं तर तयार इमारतीचं, तयार प्राध्यापकांचं आणखी एखादं विद्यापीठ त्यांना उभं करता आलं असतं. त्यांनी केलं ते वेगळंच. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलं, विद्यार्थ्याला वाचून आपलं आपल्याला समजेल अशी मराठी पुस्तकं तयार करवून घेतली आणि गावोगावच्या चालू कॉलेजांच्या रविवारी रिकाम्या पडणाऱ्या वर्गांत अभ्यासकेंद्रं थाटली. बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ नावाची एक खिडकी ठेवली. वय अठरा पूर्ण, लिहिता-वाचता येतं, मग तयारी करा, परीक्षा द्या आणि पदवीच्या वर्गात या. शाळा ज्यांच्या हातून निसटली होती अशा किती जणांनी वर्षानुवर्षे या खिडकीतून आत पाऊल टाकलं, ते आपल्या आसपास विचारलं तरी कळेल.

शाळा हातून का निसटली, याचं घणसोलीतलं उत्तर नवी मुंबईच्या जन्माशी जोडलेलं आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. भातशेती, खाडीतली मासेमारी आणि मिठागरं यांवर जगणारी आगरी-कोळी माणसं सरकारी कागदावर एका दिवसात ‘प्रकल्पग्रस्त’ झाली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. दि. बा. स्वतः वकील होते, हे इथे मुद्दाम सांगण्यासारखं. ज्या समाजाला कागदाने उठवलं, त्या समाजाला कागद वाचणारा माणूस मिळाला तेव्हाच त्याचं म्हणणं सरकारदरबारी पोचलं.

या सगळ्या धामधुमीत वाढलेल्या पिढीतल्या मुली सातवी-आठवीतून उठल्या. मुलगे ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कारखान्यांच्या गेटवर कंत्राटदाराच्या यादीत उभे राहिले. जमीन गेली, कारखान्यांतही पुढे मंदी आली. उरली ती गरजेपोटी बांधलेली घरं आणि त्या घरांवर येणाऱ्या नोटिसा.

रविवारची सकाळ. गावठाणात मासळीच्या टोपल्या उतरतात, वाटण वाटलं जातं. त्यातच एखादी बाई भाकऱ्या थापून, कालवण झाकून, खांद्याला पिशवी अडकवून निघते. पिशवीत विद्यापीठाचं पुस्तक, शंभर पानी वही, चष्मा आणि डबा. ओट्यावर बसलेली आजी विचारते, “या वयान कंचा कॉलेज गो?” उत्तर द्यायला तिला वेळ नसतो. संपर्कसत्र सुरू व्हायच्या आत पोचायचं असतं. वर्गात शेजारी कोण? एक सुरक्षारक्षक, रात्रपाळी करून थेट आलेला. एक अंगणवाडी मदतनीस. एक पोलीस शिपाई. खात्यांतर्गत उपनिरीक्षक परीक्षेला पदवीधराला सेवेची अट कमी वर्षांची असते, हा हिशेब त्याने पक्का केलेला. आणि मागच्या बाकावर दोन माथाडी कामगार.

माथाडींचं घणसोलीशी नातं जुनं. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुढे मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले आणि पाटण, जावळी, सातारा भागातून आलेली कुटुंबं घणसोलीच्या माथाडी वसाहतीत राहू लागली. गावठाणातला आगरी आणि वसाहतीतला घाटावरचा माणूस एरवी एकमेकांच्या लग्नाला फारसे जात नाहीत. मुक्त विद्यापीठाच्या वर्गात मात्र दोघं एकाच प्रश्नसंचावर डोकं खाजवत बसतात. विद्यापीठाच्या कुठल्याही अहवालात न दिसणारी ही कमाई आहे.

नामवंतच हवे असतील तर तेही या विद्यापीठाकडे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई बांगड्या विकायची, स्वतःचा एक पाय पोलिओने अधू. आधी डी. एड., मग मुक्त विद्यापीठाची कला शाखेची पदवी, २००९ मध्ये शिक्षकाची नोकरी, आणि २०१२ मध्ये ते भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. नियमित कॉलेजची तीन वर्षं आणि त्यांचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. पदवी कमावता कमावता घेता आली, म्हणूनच स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरता आला.

दुसरं उदाहरण ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे, पुढे मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे शिक्षण अर्धवट सोडून ठाण्यात रिक्षा चालवत होते. आमदार, मंत्री सारं झाल्यावर, २०२० साली वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते याच विद्यापीठातून बी. ए. झाले. तेव्हा ते नगरविकास मंत्री होते, म्हणजे घणसोलीच्या जमिनी घेणारी सिडको ज्या खात्याखाली येते त्याच खात्याचे. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, पण ज्याला नोकरीसाठी पदवीची गरज उरली नव्हती तोही तिच्यासाठी वह्या-पुस्तकं घेऊन बसला, ही नोंद विद्यापीठाने अभिमानाने करावी अशीच आहे.

तरीही ही दोन नावं पुढे करून विद्यापीठाचं यश मोजणं म्हणजे पुन्हा बॅनरच लावणं. जिल्हाधिकारी आणि मुख्यमंत्री मोजकेच होतात. बाकीच्यांनी पदवीचं केलं काय, हा खरा प्रश्न.

घणसोलीपुरतं उत्तर असं की त्यांनी वाचायला सुरुवात केली. सिडकोचं इरादापत्र, वारस दाखला, सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदी, महापालिकेची अतिक्रमणाची नोटीस, सोसायटीचा करारनामा हे सगळं आधी कुणातरी ‘साहेबां’कडे न्यायचं आणि साहेब सांगेल तिथे सही करायची, अशी रीत होती. साडेबारा टक्क्यांचे भूखंड कवडीमोलाने कसे गेले, दलालांनी कोऱ्या कागदांवर अंगठे कसे घेतले, याच्या कहाण्या या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात आहेत. आता निदान काही घरांत तरी सही करण्याआधी कागद जेवणाच्या पाटावर पसरला जातो आणि घरातली बी. ए. झालेली सून त्याच्या शेवटच्या पानावरचं बारीक टायपातलं कलम मोठ्याने वाचते. सासरा गप्प बसून ऐकतो. ही पदवीची कमाई पगाराच्या आकड्यात धरता येत नाही, म्हणून ती कमी ठरत नाही.

बचतगटाचा हिशेब, शाळेतली पालकसभा, रेशनकार्डातली दुरुस्ती, पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज, ही पुढची यादी सरळ आहे. महापालिकेत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. निवडून आलेली बाई सभागृहात स्वतः बोलते की तिच्या मागे बसलेला नवरा बोलतो, यात असल्या शिक्षणाने थोडाफार तरी फरक पडतो.

आता प्रश्न या शिक्षणाच्या दर्जाचा. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ उभं राहिलं ते ज्यांच्या चिकाटीमुळे, त्या जेनी ली एका खाणकामगाराची मुलगी होत्या. कामगारांसाठी म्हणून पातळ केलेलं शिक्षण नको, दर्जा बाकीच्यांसारखाच हवा, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे नेमकी इथेच गोम आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हटलं की अजून नाकं मुरडली जातात. आणि या नाक मुरडण्याला निमित्त पुरवणारेही आहेत. पुस्तक उघडायचं नाही, गाइड चाळायचं, स्वाध्याय दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचा आणि बढतीपुरता कागद मिळवायचा, असे विद्यार्थी असतात. विद्यापीठाने त्यांच्याकडे काणाडोळा केला तर नुकसान त्या प्रामाणिक बाईचं होतं. संपर्कसत्र हजेरीपुरतं नसावं, निकाल वेळेवर लागावेत, पुस्तकं वर्ष संपता संपता नव्हे तर सुरू होताना हातात पडावीत. या अपेक्षा फार मोठ्या नाहीत.

पण नोकरी देणाऱ्यांचं काय? घणसोलीच्या आसपास ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून काचेच्या इमारती उभ्या आहेत. एका मोठ्या उद्योगसमूहाचं विस्तीर्ण संकुल तर पूर्वी याच गावांची शेतं होती त्या पट्ट्यातच आहे. अशा ठिकाणी मुलाखतीला गेलेल्या पदवीधराला पहिला प्रश्न येतो, “रेग्युलर केलंय का?” तो मान हलवून नाही म्हणतो आणि मुलाखत तिथेच संपते. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मनुष्यबळ विभागातल्या बऱ्याच जणांच्या टेबलावर ते पत्र पोचलेलं दिसत नाही, किंवा पोचूनही वाचलेलं दिसत नाही. रात्रपाळी करून, मुलं वाढवून, सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं काढून तीन वर्षं नेटाने अभ्यास करणारा माणूस कामात कच्चा निघेल, हा तर्क कुठून येतो?

गावकीने एवढं तरी करावं. या वर्षी गुणवंतांचा सत्कार होईल तेव्हा चाळिशीनंतर पदवी घेतलेल्यांचीही यादी काढावी. शाल नको, नारळ नको. त्यांना मंडपात बोलावून पुढच्या खुर्च्यांवर, दहावीच्या पोरांच्या शेजारी बसवावं.

आणि ज्यांच्या घरात शिक्षण अर्ध्यावर सुटलेली एखादी बाई आहे, त्यांनी ट्रंकेतला तिचा जुना शाळेचा दाखला शोधून ठेवावा. प्रवेश पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतात. अर्ज ऑनलाइन असतो. तो भरताना घरातल्या कुणीतरी तिच्या शेजारी बसावं.