शिखराचा आकार आणि द्राक्षांचा अहवाल

जुन्नर-आंबेगाव भागातील द्राक्षे परदेशी जाऊ लागल्यापासून बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल एका कागदावर ठरू लागले आहे. तो कागद म्हणजे औषधांच्या अवशेषांचा अहवाल होय. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत अवशेष आढळले. त्यानंतर निर्यातीच्या मालाची आधीच तपासणी करण्याची व्यवस्था झाली व मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्या कामाची संदर्भ प्रयोगशाळा आली. ज्या औषधास युरोपात निराळी मर्यादा ठरलेली नाही, त्यास किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा असते. म्हणजे टनभर द्राक्षांत दहा मिलिग्रॅम. मंचरच्या बाजारातील कोणत्याही काट्यास हे वजन कळावयाचे नाही.

हे मोजमाप गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर ही जोडयंत्रे करतात. द्राक्षांच्या अर्काची तापलेल्या काचनळीत वाफ होते, ती केसासारख्या बारीक कॉलममधून पुढे जाते आणि प्रत्येक द्रव्याचे शिखर आलेखावर उमटते. शिखराच्या क्षेत्रफळावरून अवशेषाचे प्रमाण काढतात. शिखर निमुळते व दोन्ही अंगांनी सारखे असावे. ते बिघडलेले असेल, तर आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत छापलेला असो, त्यावर विसंबणे धोक्याचे होय.

बिघाड ओळखणे अशक्य नाही. सर्वच शिखरांना मागे शेपूट फुटली असेल, तर दोष बहुधा कॉलमच्या जोडणीत किंवा वेड्यावाकड्या कापलेल्या टोकात असतो. केवळ डायमेथोएट, ओमेथोएट यांसारख्या औषधांनाच शेपूट येत असेल, तर काचनळीत वा कॉलमच्या तोंडाशी द्राक्षातील साखर व रंगद्रव्ये साचली असावीत. नळी बदलावी, कॉलमचे तोंड थोडे कापून टाकावे. फक्त शेवटी येणारी शिखरे पसरत असतील, तर दोन यंत्रांमधील मार्ग थंड पडला आहे काय, हे पाहावे. शिखर पुढे झुकले, तर द्रव्य कॉलमच्या ताकदीबाहेर गेलेले असते. शिखर दुभंगले, तर त्या औषधाचे निरनिराळे आयन वेगवेगळे पाहावेत. सर्वांचा आकार एकसारखाच दुभंगलेला असेल तर दोष टोचणीचा वा कॉलमचा, आणि एखादाच आयन वेगळा वागत असेल तर शेजारी दुसरे द्रव्य दडलेले आहे.

याहून लबाड दोष निराळाच आहे. तुलनेसाठी घेतलेले प्रमाणद्रव्य शुद्ध द्रावकात केलेले असेल, तर त्यातील काही अंश नळीच्या काचेला चिकटून राहतो व शिखर खुजे होते. द्राक्षांच्या अर्कातील इतर द्रव्ये मात्र त्या जागा आधीच व्यापतात. म्हणून अर्कातील औषध पूर्णपणे पुढे जाते. परिणामी अवशेष आहे त्याहून अधिक दिसतो, आणि काहीही चूक नसताना बागाईतदाराचा माल नापास होऊ शकतो. यास्तव प्रमाणद्रव्य औषधविरहित द्राक्षांच्या अर्कातच तयार केले पाहिजे. चांगल्या प्रयोगशाळा हे करतात. परंतु बागाईतदारास ते कळण्याचा मार्ग नसतो.

म्हणून मर्यादेच्या अगदी जवळचा आकडा आला, तर अहवालासोबत त्या शिखराचा आलेख व प्रमाणद्रव्य कशात केले त्याची नोंद देणे प्रयोगशाळांवर बंधनकारक असावे. कागदाचा खर्च नगण्य आहे. काढणीस आलेली बाग दुसऱ्या तपासणीसाठी फार दिवस थांबत नाही, हे नारायणगावच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. प्रयोगशाळांना मात्र ते सांगावे लागेल.