झोपलेला क्षय आणि झोपेचे सोंग घेतलेले सरकार

क्षयमुक्त भारताची घोषणा मार्च २०१८ मध्ये दिल्लीत झाली, तेव्हा मुदत २०२५ ची दिली होती. ते साल आले, क्षय काही गेला नाही. मोहिमा झाल्या, फलक लागले, पुढाऱ्यांचे फोटो छापून आले. पण ज्यांना या रोगाचा धोका सर्वांत जास्त, त्या एचआयव्हीसह जगणाऱ्या आमच्या बांधवभगिनींविषयी बोलायला कोणी तयार नाही. म्हणून आम्हाला लिहिणे भाग आहे.

क्षयाचा जंतू अंगात असणे वेगळे आणि क्षय होणे वेगळे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत हा संसर्ग आढळला. ही माणसे खोकत नाहीत, त्यांच्यापासून कोणाला लागणही होत नाही. जंतू झोपलेला असतो. एरवी शंभरातल्या पाच-दहा जणांतच तो आयुष्यभरात कधीतरी जागा होतो. मात्र एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पोखरलेली असेल आणि औषधे चालू नसतील, तर दर वर्षी शंभरातल्या सुमारे दहा जणांना क्षय गाठू शकतो. एआरटीच्या गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही.

हा जंतू शिरतो कोणाच्या अंगात आणि जागा होतो कोणाच्या? घरात क्षयाचा रोगी, एका खोलीत सात-आठ माणसे, तुरुंगवास, अर्धपोटी शरीर, विडी, दारू, मधुमेह, दगडखाणीच्या धुळीने भरलेली फुप्फुसे. डॉक्टर याला जोखमीचे घटक म्हणतात. आम्हाला मात्र ते आमच्याच वस्त्यांचे वर्णन वाटते! प्लेगनंतर हवा-उजेडाच्या नावाने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी कित्येक वर्षे काढली. आणि शंभर वर्षांनंतर काय? झोपड्या हटवून मानखुर्दच्या लल्लुभाई आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये माणसे कोंबली, तिथल्या खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. २०१८ च्या अभ्यासाने त्या इमारतींची रचना आणि क्षय यांचा संबंध दाखवला. मग हा रोग केवळ जंतूचा म्हणायचा, की नकाशावर सही करणाऱ्यांचाही?

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. सीडी-४ पेशी फार घटल्या की हातावर सुई टोचून करायची क्षयाची चाचणी फसते. संसर्ग असतो, पण हात सुजत नाही. म्हणूनच एचआयव्ही असलेल्यांना या चाचणीची सक्ती नाही. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, एवढे चार प्रश्न विचारायचे. यातले एकही लक्षण नसेल तर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या, असेल तर आधी क्षयाची तपासणी करायची. आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच त्याची शिफारस केली. आपल्या देशात एचआयव्ही असलेल्यांना ते सर्वत्र देण्याची सुरुवात व्हायला २०१६ साल सरत आले. मधल्या अठरा वर्षांत जे गेले, त्यांचा हिशेब कोण देणार?

भुकेचेही तेच. झारखंडमधल्या एका प्रयोगात क्षयरोग्यांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारची निक्षय पोषण योजना मात्र क्षय झाल्यावर पैसे देते. आधी आजारी पडा, मग खा, असा हा न्याय!

पण आमच्या वस्त्यांतही सारे आलबेल नाही. एचआयव्हीचे नाव निघताच आमच्यातलीच माणसे भांडी वेगळी करतात. अस्पृश्यतेविरुद्ध लढलेल्या समाजाने हे करावे? २०१७ च्या कायद्याने हा भेदभाव गुन्हा-तक्रारीचा विषय केला आहे, पण विधवा सून कोणत्या तोंडाने सासऱ्याविरुद्ध तक्रार करील? ती गावाबाहेरच्या एआरटी केंद्रावर गुपचूप जाते, एका दिवसाची मजुरी बुडवते, आणि गोळ्या संपल्या की पुढची फेरी टाळते.

दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमच्या संघटना रक्तदाब-मधुमेह तपासणीचे मंडप घालतात. त्याच मंडपात हे चार प्रश्न विचारले जावेत, कोणाचे नाव न पुकारता. आणि सरकारने एआरटी केंद्रावरच गोळ्यांसोबत महिन्याचा शिधा द्यावा. ही मागणी आमच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.