नाखुदाचे आडनाव कुठे गेले?

परकार, मुकादम, खोत, चौगुले, काझी... कोकणातल्या आपल्या घरांची आडनावे विचारली की ही नावे चटकन तोंडी येतात. त्यांची माणसे गावोगाव भेटतात. पण काही आडनावे अशी आहेत की शाळेच्या पटावर वर्षानुवर्षांतून एखादेच मूल त्या आडनावाचे येते. नाखुदा हे त्यातले एक. कुणी नाखवा लिहितो, कुणी नाखोदा. शब्द एकच. या महिन्यात त्याच्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले, कारण हे आडनाव आमच्या डोळ्यांदेखत कमी होत आहे, आणि ते बुडण्यापूर्वी ते काय आहे एवढे तरी त्या घरातल्या मुलांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

आधी शब्द पाहू. नाखुदा हा फारसी शब्द आहे. ‘नाव’ म्हणजे जहाज आणि ‘खुदा’ म्हणजे मालक, धनी. मधला ‘व’ बोलता बोलता गळाला. ही फारसी ‘नाव’ आणि आपली मराठी नाव या मूळच्या सख्ख्या बहिणी. ‘खुदा’ ऐकून काही जण बिचकतात, पण फारसीत तो धनी या साध्या अर्थानेही येतो; घरधन्याला तिथे कदखुदा म्हणतात. उर्दूच्या वर्गात मुले हमखास विचारतात, ‘ना-खुदा’ म्हणजे ज्याला खुदा नाही तो का? उर्दू शायरांनी खुदा आणि नाखुदा या जोडीवर इतका खेळ केला आहे की मुलांचा गोंधळ होणे साहजिक आहे. पण तो फक्त आवाजाचा खेळ. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, नाहीतर धन्याच्या वतीने जहाज चालवणारा.

आपल्या किनाऱ्यावर हा शब्द फार जुना आहे. कैरोतल्या जुन्या सिनेगॉगमध्ये जी कागदपत्रे सापडली, त्यांत बाराव्या शतकात मंगळूर, भडोच, एडन यांच्यामध्ये व्यापार करणाऱ्यांची पत्रे आहेत. त्यांत नाखुदा म्हणून ज्यांचा उल्लेख येतो त्यांतला एक, महरूज, ज्यू होता. म्हणजे नाखुदा ही कुणा एका धर्माची मिरास कधीच नव्हती.

त्यानंतरचा पुरावा सोमनाथचा, आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. इ. स. 1264 मध्ये होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटण येथे मशीद बांधली. तिचा लेख दोन भाषांत आहे, एक अरबी, एक संस्कृत. संस्कृत लेखात त्या मशिदीच्या तारखेसाठी चार कालगणना दिल्या आहेत : हिजरी 662, विक्रम संवत 1320, वलभी 945 आणि सिंह संवत 151. जमीन मिळवून देण्यात छाडा नावाच्या स्थानिक प्रतिष्ठिताने मदत केली. मशिदीच्या उत्पन्नातून खलाशांच्या सणांचा खर्च भागवावा आणि उरेल ते मक्का-मदिनेला पाठवावे अशी व्यवस्थाही त्यात आहे. संस्कृत लिहिणाऱ्याने नाखुदा हा शब्द आपल्या पद्धतीने आखडून ‘नाखू’ असा घातला. आज आपल्या किनाऱ्यावर लोक नाखवा म्हणतात ना, त्याच्या आसपास तो साडेसातशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला होता.

चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतला गेला तेव्हा त्याने नाखुदा मिस्काल नावाच्या बड्या जहाजमालकाची नोंद केली. मिस्कालची मशीद आजही कालिकतमध्ये आहे. 1510 साली पोर्तुगीजांनी ती जाळली होती, नंतर ती पुन्हा उभी राहिली.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाखुदा नावाच्या आधी लागतो. तो हुद्दा आहे, आडनाव नाही. आपण आज डॉक्टर किंवा वकील लावतो तसा. मग त्याचे आडनाव झाले कधी, आणि ते इतक्या थोड्या घरांत का राहिले?

याचे उत्तर बरेचसे आईन-ए-अकबरीत सापडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. नाखुदा सर्वांत वर. मग दिशा आणि तारे जाणणारा मुअल्लिम, खलाशांचा म्होरक्या तांडेल, जहाज किनाऱ्याला लावणे-सोडणे पाहणारा सरहंग म्हणजे आपला सारंग, कोठार सांभाळणारा भंडारी, हिशेब लिहिणारा करानी, सुकाणू धरणारा, डोलकाठीवर बसून टेहळणी करणारा, आणि शेवटी साधे खलाशी, खारवा. बंगालच्या सातगाव बंदरातला पगारही त्याने दिला आहे. नाखुदाला 400 रुपये, मुअल्लिमला 200, तांडेलला 120, भंडाऱ्याला 15. शिवाय नाखुदाला जहाजातल्या चार खणांत स्वतःचा माल भरायची मुभा.

ही यादी आमच्या वर्गात वाचली की मुले एकमेकांकडे पाहून हसू लागतात, कारण निम्मी यादी हजेरीपटावर असते. तांडेल, सारंग, भंडारी. कुठे मुअल्लिमही.

आता गंमत पाहा. एका जहाजावर खारवा पुष्कळ, नाखुदा एकच. खारवा इतके होते की त्यांच्या कामाच्या नावाची एक अख्खी जमात झाली. गुजरातच्या किनाऱ्यावर खारवा आणि आपल्याकडे खारवी. नाखुदा जहाजामागे एक, म्हणून त्याचे फक्त आडनाव झाले, तेही थोड्यांचे. हे आडनाव विरळ असण्याचे पहिले कारण आम्हाला एवढे साधे वाटते.

दुसरे कारण असे की ज्या बड्या घराण्यांकडे नाखुदा ही पदवी होती, त्यांतल्या काहींना वेगळे आडनाव आधीच होते. मुंबईचे नाखुदा मोहम्मद अली रोघे हे ठळक उदाहरण. कोकणी मुसलमानांतले हे मोठे सावकार-व्यापारी जमशेदजी जिजीभाईंचे चीनच्या व्यापारातले भागीदार होते. त्यांच्या नावाआधी नाखुदा, शेवटी रोघे. म्हणून वारसांकडे रोघे गेले आणि नाखुदा ही पदवी जहाजांबरोबर संपली. मुंबईत पायधुणीजवळच्या रस्त्याला नाखुदाचे नाव राहिले, ते त्या काळाची खूण. (कोलकात्याच्या प्रसिद्ध नाखोदा मशिदीवरून तिथे या आडनावाची मोठी वस्ती असेल असे कुणी समजू नये. ती कच्छी मेमन जमातीने बांधली, पायाभरणी 1926 ची, नाव जहाजमालकावरून.)

म्हणजे आडनाव उरले ते बहुधा लहान घरांत. ज्यांची एखादी फत्तेमारी किंवा गलबत होते, जे मुंबई-मलबार-कच्छ अशा फेऱ्या करत, ज्यांना गावात दुसरी ओळख नव्हती, त्यांना लोक नाखुदा म्हणत. पुढे शाळा, जमिनीची कागदपत्रे, पासपोर्ट या सगळ्यांना शेवटचे एक नाव हवे झाले, तेव्हा लोक जे म्हणत होते तेच कारकुनाने लिहिले. रायगड-ठाण्याच्या कोळी घरांतही असेच झाले. उरण-करंजाकडे नाखवा हे कोळ्यांचे आडनाव आहे आणि होडीच्या मालकाला आजही नाखवाच म्हणतात. एकच फारसी शब्द, एका वाडीत हिंदू, दुसऱ्या मोहल्ल्यात मुसलमान.

मग आगबोट आली. 1869 ला सुएझचा कालवा खुला झाला आणि वाऱ्यावर चालणाऱ्या मोठ्या जहाजांचे दिवस भरले. आगबोटीवर इंग्रज कप्तान आला, परीक्षा आणि सर्टिफिकेट घेऊन. आपली रत्नागिरीकडची माणसे त्या बोटींवर गेली ती सारंग म्हणून, तांडेल म्हणून, इंजिनखोलीत कोळसा टाकायला. सारंग आणि तांडेल ही पदे आगबोटीने जशीच्या तशी उचलली. नाखुदाला मात्र तिथे जागा नव्हती. ज्याच्या हाताखाली तांडेल असे, त्याचा मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल झाला. हे बदलणे फार जुने नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या पणजोबांच्या काळचे आहे.

आज हे आडनाव नकाशावर सरकलेले दिसते. गुजरातच्या किनाऱ्यावरून गेलेली घराणी ब्रिटनमध्ये आहेत, दक्षिण आफ्रिकेतही आहेत. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ येतात, ब्रिटनमध्ये बहुधा एक ‘यू’. कोकणातली पोरे आखातात गेली. तिथल्या अरबीत जहाजाच्या कप्तानाला नौखदा म्हणतात, त्यामुळे आपल्या मुलाचे आडनाव पुण्यात दोनदा सांगावे लागते आणि कुवेतमध्ये एकदाच. इराणच्या नौदलात नाखुदा हा आजही अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. मलाया-इंडोनेशियात जहाजाच्या कप्तानाला नाखोडाच म्हणतात. तिथे तो जिवंत कामाचा शब्द आहे. आपल्याकडे ते काम गेले आणि शब्द रेशनकार्डावर राहिला.

आणि तिथूनही तो निघू लागला आहे. काही वर्षांपूर्वी एक पालक शाळेत अर्ज घेऊन आले. “सर, पोराच्या नावापुढचं नाखवा काढा, शेख लावा.” आम्ही कारण विचारले. म्हणाले, “मोठ्या मुलीचं स्थळ आलं होतं. पलीकडच्या मंडळींनी विचारलं, तुम्ही कोळ्यातले का? फोनवरही लोक आधी तेच समजतात. धाकट्याला तरी हा सवाल नको.” आम्ही म्हटले, “भाई, कोळ्यांचा नाखवा असण्यात कमीपणा तरी काय आहे? आणि शेख हीसुद्धा पदवीच. अरबीत तिचा अर्थ म्हातारा, नाहीतर टोळीचा म्होरक्या.” ते शांतपणे म्हणाले, “सर, तुमचं खरं आहे. पण मुलगी माझी आहे.”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रतिज्ञापत्र होते, मूल लहान होते, जनरल रजिस्टरमध्ये रीतसर दुरुस्ती झाली. आज त्या घरात मोठी भावंडे नाखवा आहेत आणि धाकटा शेख. त्याची मुले शेख होतील.

निकाहाच्या बोलण्यात आडनावावरून खानदान तोलण्याची ही खोड आपल्यात आहे, ती दुसऱ्या कुणी आपल्यावर लादलेली नाही. ज्याने ‘कोळ्यातले का’ असे विचारले, त्याला आईन-ए-अकबरीतला 400 रुपयांचा पगार दाखवावा असे आम्हाला क्षणभर वाटले होते. पण तेही बरोबर नाही. 15 रुपयांचा भंडारी असता तरी मुलगी तीच होती.

नाव बदलायचेच असेल तर पालकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. मूल शाळेत शिकत आहे तोवर दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी. दाखला हातात पडल्यावर राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते, आणि तरी जुन्या गुणपत्रिका जुन्याच नावाच्या राहतात. प्रत्येक ठिकाणी दोन्ही कागद जोडत बसावे लागते. बदलायचे नसेल तर निदान स्पेलिंग एकच धरा. आमच्या पाहण्यात एक घर आहे. बापाच्या पासपोर्टवर नाखुदा, आईच्या आधारकार्डावर नाखोदा, मुलाच्या जन्मदाखल्यावर नाखवा. तिघांच्या उमरा व्हिसाच्या वेळी नाते सिद्ध करायला निकाहनामा शोधावा लागला. तो सापडला तेव्हा त्यावर उर्दूत स्वच्छ अक्षरात लिहिले होते : नून, अलिफ, खे, दाल, अलिफ. उर्दूत या शब्दाचे स्पेलिंग एकच आहे, घोळ सगळा इंग्रजीचा आणि कारकुनांच्या कानांचा.

म्हणून ज्यांच्या घरी जुने कागद आहेत, त्यांनी एकदा पेटी उघडावी. आजोबांचा निकाहनामा, जमिनीचे खरेदीखत, जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक. आडनावाच्या जागी काय लिहिले आहे, नावाच्या आधी की नंतर, ते पाहावे. कदाचित आज शेख किंवा खान लावणाऱ्या एखाद्या घरात तिसऱ्या पिढीमागे नाखुदा निघेल.

काही सापडले तर मासिकाच्या पत्त्यावर आम्हाला लिहा. मूळ कागद पाठवू नका, नक्कल पुरे. पुढच्या महिन्यात सारंग. शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या दर्यासारंगाला इतिहास हुद्द्यानेच का ओळखतो, तिथून सुरुवात करू.