ऊमरा : वऱ्हाडच्या कापसाचे परके नाव

एकोणिसाव्या शतकातील लिव्हरपूलच्या बाजारपत्रकांत यवतमाळचे नाव शोधायला बसलात, तर बहुधा हाती काही लागणार नाही. सापडेल तो एक चमत्कारिक शब्द : 'ऊमरा'. दरबारातल्या उमरावांशी त्याचा काही संबंध नाही. अमरावतीला तेव्हा उमरावतीही म्हणत आणि इंग्रज ते 'ऊमरावुट्टी' असे लिहीत. कापसाच्या व्यापाऱ्यांनी या नावाचा मागचा अर्धा भाग छाटून टाकला. उरलेला तुकडा म्हणजे 'ऊमरा'. हा धागा त्या तुकड्याविषयी आहे.

अशी छाटाछाट निव्वळ आळसातून होत नसे. १८७० मध्ये मुंबई आणि इंग्लंड समुद्री तारेने जोडले गेले. तारेचे पैसे शब्दागणिक पडत, म्हणून व्यापारी पेढ्या सांकेतिक शब्दांचे कोश वापरू लागल्या. त्यांतला एकेक बनावट शब्द अख्ख्या वाक्याचे काम करी. अशा जगात लांबलचक गावाचे नाव म्हणजे उधळपट्टीच. कापसाची प्रतही आद्याक्षरांत सांगितली जाई. 'एफ.जी.एफ.' म्हणजे 'फुली गुड फेअर'. शब्दशः अर्थ लावू गेलात तर 'पुरेपूर चांगला बरा' असे काहीतरी हाती येते, आणि त्यातून कापूस कसा होता हे काही केल्या कळत नाही. बाजारातल्या माणसाला मात्र तेवढ्या तीन अक्षरांवर सौदा करता येई.

अशा शब्दांना आपण एक तर हसतो, नाही तर 'साहेबाला धड उच्चारही येत नव्हता' म्हणून सोडून देतो. मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. उच्चाराची चूक निरुपद्रवी असते. 'ऊमरा' तशी नव्हती. तिच्यात एक आर्थिक निर्णय दडलेला होता.

त्या एका शब्दाखाली नुसत्या अमरावतीचा नव्हे, तर वऱ्हाडचा, खानदेशचा आणि मध्य प्रांताच्या बऱ्याच भागाचा कापूस विकला जाई. यवतमाळ आणि वणीचा कापूसही त्यातच. वऱ्हाडात तेव्हा मुख्यतः दोन जाती होत्या, बणी आणि जडी. बणीचा धागा लांब आणि तलम. जडीचा आखूड आणि जाडाभरडा, पण पीक काटक आणि उतारा अधिक. आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. गाठीवर एकच नाव पडणार, भावही बहुतांशी त्या नावाचाच येणार, आणि वाटेत दोन्ही कापूस एकमेकांत मिसळले जाणार. मग बणी जपायची कशासाठी? विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जडीने बणीला बरेच मागे रेटले होते. सरकारी लिखाणात याबद्दल कधी शेतकऱ्याला, कधी व्यापाऱ्याला दोष दिलेला आढळतो. त्या यादीत मी बाजारातल्या नावालाही आरोपी म्हणून उभे करीन.

भेसळीचे दुखणे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. मुंबई इलाख्यात १८६३ मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध कायदा झाला होता. पुढे १९२३ च्या कायद्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात आणण्यावर बंधने घालता येऊ लागली, आणि १९२५ च्या कायद्याने गाठ कोणत्या प्रेसमध्ये बांधली हे कळेल अशी खूण तिच्यावर बंधनकारक केली. गाठीला तिचे गाव पुन्हा चिकटवण्याची ही धडपड होती. पण तोवर बणीचा दिमाख ओसरला होता.

शब्दांची वाहतूक एकतर्फी नव्हती, हेही सांगायला हवे. आपली 'खंडी' इंग्रजीत जाऊन 'कँडी' झाली. मुंबईच्या कापूस बाजारात ती ७८४ पौंडांची ठरली, आणि आजही रुईचे भाव सुमारे ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितले जातात. तिकडून आलेला 'जिन' तर स्वतःच एक तुकडा आहे : फ्रेंचमधून आलेल्या 'एंजिन' या शब्दाचे डोके उडाले आणि 'जिन' राहिला. सरकी वेगळी करणारे हे यंत्र वऱ्हाडात आले, हातरेचे मागे पडले, आणि 'जिनिंग' हा शब्द इतका आपला झाला की यवतमाळात त्याला परका म्हटले तर लोक तुमच्याकडेच विचित्र नजरेने पाहतील.

इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक व्यवहारी सूचना. जुन्या कागदांत जिल्हा शोधताना केवळ आजच्या नावावर विसंबू नका. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे सरकारी नाव 'वून' होते, म्हणजे आपली वणी. मुख्यालय मात्र यवतमाळ. त्यानंतर कित्येक दशके इंग्रजी कागदांत तो 'यिओटमल' म्हणून भेटतो. ही दोन रूपे आणि तिसरा 'ऊमरा' माहीत नसेल, तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास हाताशी असूनही सापडत नाही.

'ऊमरा' आता बाजारातून गेला आहे. आद्याक्षरे गेलेली नाहीत. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे 'सीसीआय'च्या, खरेदी केंद्रावर कापूस 'एफएक्यू'त बसतो की नाही हे पाहिले जाते. याचा अर्थ 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी'. 'एफ.जी.एफ.'शी या शब्दाचे गोत्र जुळते हे वेगळे सांगायला नको. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्याच्या हिशेबाने कपात, आणि बारा टक्क्यांपलीकडे गाडी परत. हा नियम मुळात वाजवी आहे. ओल्या कापसाला कोरड्याचा भाव कोणी द्यावा असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की गाडी परत फिरते तेव्हा शेतकऱ्याच्या कानावर बहुधा तीन इंग्रजी अक्षरे पडतात, आणि त्यांचा उलगडा करून सांगायला रांगेत कोणाला सवड नसते.