गाव ‘बाधित’ नव्हे, बेचिराख!

‘बेचिराख’ या शब्दात राख शोधू नये. फारसी ‘चिराग’ म्हणजे दिवा; जेथे दिवा लावावयास माणूस उरला नाही, ते गाव बेचिराख. ओसाड गाव दुष्काळानेही पडते. बेचिराख म्हटले की ते कोणी केले, हे विचारावे लागते. म्हणूनच सरकारला हा शब्द नको असतो. १९६० च्या दशकात कोयनेच्या जलाशयात गावे बुडाली, त्या पाण्यावर वीज निघाली. गावकरी मात्र ‘प्रकल्पबाधित’ ठरले, जणू त्यांना रोगाचीच बाधा झाली! राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. ज्यांचे दिवे विझवून इतरांचे दिवे लागले, त्यांची गावे बेचिराखच होत. कार्यकर्त्यांनी निवेदनात हाच शब्द लिहावा. सौम्य शब्द हा लुटणाऱ्याचा वकील असतो.